नाव कमी केल्याचा दाखला

सोलापुरात फ्लॅट घेतला त्या वर्षी सगळ्यांत आधी मी काय केलं, तर आईचं नाव गावच्या रेशनकार्डावरून काढलं. फ्लॅट म्हणजे अक्कलकोट रोडच्या बाजूला तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पण कागदावर नाव माझं एकटीचं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला लागले आणि अठरा वर्षांत त्या टेबलाची मुख्य झाले. लग्न झालं नाही. का, ते सांगत बसत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वडील गेल्यावर आई भावाकडं होती. आमचं गाव वैरागच्या पुढं. मी तिला सोलापूरला आणलं आणि रजा टाकून तहसीलला गेले, तिचं नाव कमी केल्याचा दाखला आणायला. तो असल्याशिवाय माझ्या कार्डावर नाव चढत नव्हतं. खिडकीतल्या बाबूनं अर्ज बघितला आणि विचारलं, "मयत का?"

"नाही. माझ्याकडं राहणार आहे."

"मग राहू द्या की मॅडम नाव. माणशी पाच किलो येतंय. कशाला घालवता?"

"माझी आई फुकटचं खाणार नाही," मी म्हणाले.

हे मी जरा मोठ्यानं म्हणाले, मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढं. रांगेत दहा-पंधरा बायका होत्या, हातात कार्डं घेऊन उभ्या. त्या गप्प झाल्या. मला वाटलं, बरं झालं, कळू द्या. शिकलेल्या मुलीची आई कशी असते ते कळू द्या. त्या बायकांचे चेहरे मी त्या दिवशी बघितले नाहीत. पुढं बऱ्याच वर्षांनी त्या मला आठवायला लागल्या, आणि अजून आठवतात.

माझं कार्ड पांढरं. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही, पत्ता दाखवायला ते उपयोगी पडतं. त्यावर माझ्या खाली आईचं नाव आलं. नात्याच्या रकान्यात 'आई'. मी ते दोनदा वाचलं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "चांगलं हाय," आणि शेंगा सोलायला बसली. तिला मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाही.

चार-पाच वर्षं बरी गेली. मग लॉकडाऊन लागला.

कारखाना बंद झाला. शेठनं पहिल्या महिन्याचा पगार पूर्ण दिला, दुसऱ्यापासून निम्मा. माणूस वाईट नव्हता. माल बंदरात अडकलेला, तो तरी कुठून देणार. पण फ्लॅटचा हप्ता निम्मा झाला नाही. बँकेनं पुढं ढकलू का म्हणून विचारलं, तर व्याज चालूच राहणार होतं. मी अकाउंट्सची बाई, मला ते न सांगता कळलं. आमच्या कारखान्यात ज्यांचा टॅक्स कापला जातो अशी माणसं चार. तो कापायचं काम माझं. म्हणजे दर महिन्याला मी माझ्याच हातानं माझा टॅक्स कापत आले होते, एकदाही चुकवला नाही. शिकलेल्या माणसाचं ते लक्षण आहे असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

संध्याकाळी टीव्हीवर घोषणा व्हायच्या. गरिबांना धान्य. बायकांच्या खात्यात पाचशे रुपये. बांधकाम मजुरांना अमुक, पुढच्या वर्षी रिक्षावाल्यांना, घरकाम करणाऱ्यांना, फेरीवाल्यांना तमुक. मी शेवटपर्यंत ऐकायची. यादी संपायची, बातमी बदलायची. मला पैसे नको होते, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. हवे होते. त्याहून जास्त हवं होतं ते कुणीतरी नुसतं विचारायला. तुमचं कसं चाललंय, एवढं. टॅक्सवाल्या माणसाला सरकार नोटीस पाठवतं, हाक मारत नाही.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडं विणकरांच्या घरांची ओळ आहे. तिथली एक बाई बिड्या वळायची. बिडीचा कारखाना बंद, नवऱ्याचा माग बंद. तेलुगू बोलणारी माणसं, पण ती बाई माझ्याशी मराठीत बोलायची. मला अक्का म्हणायची, आईला अम्मा. दुपारी भिंतीच्या दोन बाजूंनी आमच्या गप्पा व्हायच्या, तेवढाच काय तो माणसाचा आवाज. एक दिवस ती म्हणाली, "अक्का, पाचशे आले खात्यात. तांदूळ पण आला."

"मजा आहे बाई तुमची," मी म्हणाले. "आम्ही भरायचं, तुम्ही खायचं."

बोलून गेले. ती बाई रागावली नाही. भिंतीवर कोपर टेकून म्हणाली, "मग बदलू या की अक्का. माझं कार्ड तुम्ही घ्या, तुमचा पगार मला द्या. अर्धाच द्या, जो आता येतो तो."

"अर्ध्यात काय होतंय?"

"अर्ध्यात मी पोरीला तुमच्यासारखी करेन," ती म्हणाली आणि हसली.

मी हसले नाही. आई मागं उभी राहून ऐकत होती, ती मात्र खूप हसली. त्या दोघींचं चांगलं जमायचं. दुसऱ्या दिवशी त्या बाईनं भिंतीवरून दोन मापं तांदूळ दिला. मी आत होते. आईनं पदरात घेतला.

मी म्हणाले, "परत दे तो. आपल्याला कमी आहे का?"

"देणाऱ्याचं परत करत न्हाईत," आई म्हणाली. "डबा बघितलास का? काल तूच म्हणालीस, जपून घाल."

तिनं भात केला. जाडा तांदूळ, जरा वास येणारा. मी भाकरीच खाल्ली. आईनं दोन वेळा भात घेतला, आणि खाता खाता, माझ्याकडं न बघता विचारलं, "गावाकडं आता माज्या नावाचं येत आसंल की?"

"तुझं नाव तिथं नाही," मी म्हणाले. "इथं आहे, माझ्या कार्डावर."

"मग हितं येतंय?"

"इथं येत नाही."

"म्हंजी कुटंच येत न्हाय," आई म्हणाली. तिनं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. ताटातला भात सारखा केला आणि म्हणाली, "सगळ्यांच्या नावाचं येतंय. माज्याच नावाचं कुटं येत न्हाय."

मी सांगायला पाहिजे होतं की आई, तुझ्या नावाचं सगळं मी देते. सांगितलंही असेन. तिच्या चेहऱ्यात फरक पडला नाही.

दुसऱ्या वर्षी परत सगळं बंद झालं. भाऊ टेंभुर्णीला एकाचा टेम्पो चालवायचा, तो टेम्पो उभा राहिला. भाऊ, वहिनी आणि दोन मुलं गावात. चौघांच्या नावाचं धान्य येत होतं. भावाचा फोन यायचा, आधी माझ्याशी दोन शब्द, मग "आईला दे". आई फोन घेऊन पुढच्या गेटपर्यंत जायची. एकदा आत आली आणि फोन माझ्या हातात ठेवून म्हणाली, "माजं नाव तिकडं टाक."

मला वाटलं भावानं सांगितलं असेल, पाच किलो वाढतील म्हणून. तसं मी बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "त्यानं न्हाय सांगितलं. मी म्हणतीया."

आणि मग तिनं सगळं सांगितलं, बऱ्याच दिवसांपासून जुळवून ठेवल्यासारखं. गावातल्या तिच्या वयाच्या बायकांना निराधारचा पगार सुरू झालाय. कोरोनाच्या पहिल्या वर्षी त्यांना वरून जादा पण आले. तिच्या जाऊला येतो, भांगलणीला तिच्या जोडीला असायची त्या तिघींना येतो. महिन्याला बँकेत जातात, गाडी करून जातात, येताना वैरागात चहा-भजी खाऊन येतात. "आमच्या गाडीत तुजी जागा रिकामी असती, म्हणत्यात," आई म्हणाली.

"तुला पैसे पाहिजेत तर मी देते की. त्याच्यापेक्षा जास्त देते. दर महिन्याला हातात देते."

"तू देतीयास की. तुजं उपकार हायत."

"उपकार काय म्हणतीस? आई आहेस तू माझी."

"तेच म्हणतीया. आई हाय. तुज्याकडं मागताना हात आखडतो माजा. सरकारकडं मागताना काय आखडायचा?"

मी खूप वाद घातला. रेशनचं आता कुठंही अंगठा लावून मिळतं, सोलापुरात पण मिळतं, नाव तिकडं टाकून तू इथं राहू शकतेस, हे मी चौकशी करून तिला सांगितलं. मोबाइलवर दाखवलं. ती म्हणाली, "धान्याचं आसंल तसं. पगाराला गावात ऱ्हावं लागतं. तलाठी घरी येऊन बघतो. आन मी हितं बसून तिथली हाय म्हणून सांगू व्हय?"

तेव्हा मला राग आला तो आईचा नाही. मला राग आला तो या व्यवस्थेचा, की जिला मी सांभाळते तिला सांभाळणारी मीच तिच्या आड येते. माझा टॅक्स कापला जातो म्हणून आई निराधार नाही. निराधार व्हायचं तर तिनं मला सोडलं पाहिजे. माझ्यासारख्यांनी भरायचं, ते कुणाला तरी पोचतं, ठीक आहे, पोचावं. भिंतीपलीकडच्या बाईला पोचलं, बरंच झालं. तिचं घर त्यावर तगलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण भरणाऱ्याच्या घरात काय आहे हे एकदा तरी कुणी आत येऊन बघावं. माझ्या घरात एक माणूस होतं. फक्त एक.

तहसीलच्या सेतू केंद्रात काम करणारा एक जण भावाच्या ओळखीचा होता. त्यानं सांगितलं, अर्जाबरोबर जबाब पाहिजे. गावात सगळ्यांना माहीत आहे म्हातारीची मुलगी सोलापुरात नोकरीला आहे, कुणी हरकत घेतली तर अडेल, म्हणून कागदावर स्पष्ट येऊ द्या. मुलगा विभक्त राहतो, आणि मुलीकडून कसलीही मदत मिळत नाही.

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मी माजं लिवून दिलं. विभक्त म्हणून. आता तेवढं तुजं राहिलंय."

"एका घरात राहून विभक्त?"

"कागदच हाय की. कागदाला काय लागतंय?"

त्याचं त्याच्यापुरतं बरोबर होतं. त्याला कागदानं कधी काही दिलं नव्हतं. माझं तसं नव्हतं. मी जे काही आहे ते कागदानं आहे. गुणपत्रिका, नेमणुकीचं पत्र, फ्लॅटचा करार. खोटा कागद मी शेठला पण करून दिला नाही, एकदा त्यानं तसं सुचवलं तेव्हा राजीनामा टेबलावर ठेवला होता. सगळ्या गल्लीचे अर्ज मी लिहून देते, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि मी चूक करत नाही. आता आई माझ्यासमोर कोरा कागद घेऊन बसली होती.

"दुसऱ्या कुणाकडनं लिहून घे," मी म्हणाले.

"दुसऱ्याला कशाला सांगायचं आपल्या घरातलं?" आई म्हणाली. "आन तुज्यावानी कोण लिवतंय?"

तीन दिवस तो कागद टेबलावर तसाच होता. आई त्याबद्दल बोलली नाही. तिनं स्वयंपाक केला, माझे केस विंचरून दिले, भिंतीपलीकडच्या बाईशी गप्पा मारल्या. मी नाही म्हणाले असते तर ती राहिली असती. हे मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत असावं. हट्टानं जाणारी ती नव्हती. ती राहिली असती, माझ्या कार्डावर माझ्या खाली, आणि मागायची वेळ आली की हात आखडत राहिली असती.

चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी लिहायला बसले. मी खालील सही करणार, वय अंदाजे सत्तर, राहणार अमुक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की. पुढं पती मयत. मुलगा विभक्त. मग मुलीचं वाक्य आलं. मी ते लिहिलं तसं सांगते: 'मला एक मुलगी असून ती सोलापूर येथे नोकरी करते, परंतु ती मला सांभाळत नाही व तिच्याकडून मला कोणतीही आर्थिक मदत मिळत नाही.' अक्षर नेहमीसारखंच आलं.

"वाच की," आई म्हणाली.

मी वाचलं. त्या वाक्यापाशी जरा भरभर वाचलं.

"परत वाच, मगाचं."

परत वाचलं. आई म्हणाली, "लई खोटं हाय गं."

"आहे."

"देवाला ठावं हाय." एवढं बोलून तिनं पेन मागितलं. मी शाईचा पॅड काढून ठेवला होता, तो तिनं बाजूला सारला. सही मीच तिला शिकवली होती, कॉलेजला असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत. अंगठा लावायचा नाही, असा माझा नियम होता. ती खाली वाकली आणि एकेक अक्षर कोरत सही केली. वेळ लागला. मी कागद धरून ठेवला, हलू नये म्हणून.

भाऊ आठवड्यानं न्यायला आला. कारखान्यात आमच्या विम्याला अवलंबित माणसांचा एक फॉर्म असतो, दरवर्षी भरायचा. त्या वर्षी मी आईच्या जागी 'निरंक' लिहिलं. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, असं मला जमलं नसतं. शेठनं सही करताना विचारलं, "आई गेल्या का?" मी म्हणाले, "गावाला."

एकटीचा स्वयंपाक करायला मला जमत नाही. पहिले काही महिने दोघींचंच व्हायचं. उरलेलं भिंतीपलीकडं द्यायची. ती बाई घ्यायची, काही विचारायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "अम्मा असती तर इतकं मीठ पडलं नसतं." खरं होतं.

चौकशीचा फोन ऑफिसातच आला. तालुक्याहून कुणीतरी होता, आवाजावरून तिशीतला वाटला. खूप नीट बोलला. "मॅडम, दोनच प्रश्न आहेत. रेकॉर्डला लागतात. आई तुमच्याकडं राहतात का?"

"नाही."

"तुम्ही त्यांना सांभाळता का?"

माझ्यासमोर पगारपत्रक उघडं होतं. पगार पूर्ण व्हायला लागले होते. कापायचा टॅक्सही त्यात भरलेला होता.

"नाही," मी म्हणाले.

"पैसे पाठवता?"

त्या महिन्यात मी खरंच पाठवले नव्हते. आईनंच सांगितलं होतं, मंजूर होईपर्यंत खात्यात काही टाकू नको, बघत्यात म्हणे. "नाही," मी म्हणाले. तिन्ही उत्तरं खरी होती. लिहिलं तेव्हा खोटं होतं ते दोन महिन्यांत खरं झालं होतं, आणि ते खरं करून द्यायला मीच मदत केली होती.

"बरं मॅडम," तो म्हणाला. जरा थांबला. त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल ते मला कळलं. त्याचा दोष नाही. तोही कुणाचा तरी मुलगा असेल.

आईचा पगार सुरू झाला. पहिला आला तेव्हा तिचा फोन आला, मागं गाडीचा आणि बायकांचा आवाज. "भजी खातोय," एवढंच म्हणाली, पण असं म्हणाली की मी ऑफिसात उभी राहून हसले. इकडं ती सणाला येते, चार दिवस राहते, पाचव्या दिवशी तिचं लक्ष लागत नाही. गावात तिची एक जागा आहे, बायकांत, गाडीत, रांगेत. माझ्याकडं तिला खुर्ची होती, पलंग होता, औषधं वेळेवर होती. मी तिला काय कमी केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

सरकारवरचा माझा राग गेलेला नाही. कुणी म्हणालं की टॅक्स भरणारे रडतात, तर मी भांडते. आणि कुणी म्हणालं की फुकट देऊन लोक आळशी झाले, तर त्याच्याशी पण भांडते, त्यानं माझ्या आईला सही करताना बघितलेलं नाही. दोन्हीकडं भांडणाऱ्या बाईला कुणी चहाला बोलवत नाही, तेही आता सवयीचं झालंय.

मागच्या दिवाळीनंतर मी गावाला गेले होते. निघताना आईनं हळदीकुंकू लावलं, कनवटीची नोट काढली आणि माझ्या मुठीत दाबली. "घे. माज्या पगारातली हाय." जन्मात पहिल्यांदा तिनं मला पैसे दिले. मी नको म्हणाले नाही. वहिनी दारात उभी होती, भाऊ पिशवी घेऊन पुढं गेला होता. आई म्हणाली, "पोचल्यावर फोन कर," जसं पाहुण्याला म्हणतात.

वैरागहून सोलापूरची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली. बायकांना आता अर्धं तिकीट आहे. इतक्या वर्षांत सरकारनं थेट माझ्या हातात दिलेलं तेवढंच. कंडक्टरनं विचारलं, "किती?"

"एक," मी म्हणाले.

"अर्धं?"

"अर्धं."

त्यानं तिकीट दिलं आणि पुढच्या सीटकडं गेला. आईची नोट मी मोडली नव्हती, दुसरे पैसे दिले होते. आईच्या बोटाची मोहरीच्या दाण्याएवढी हळद नोटेच्या कोपऱ्याला लागलेली होती. ती पुसली जाऊ नये म्हणून मी मूठ सैल धरली आणि सोलापूर येईपर्यंत तशीच बसून राहिले.